जमिनीपासून हातभर

या, असे जवळ सरकून बसा. पाय पसरायचे असतील तर पसरा, मांडी घालायची असेल तर घाला. ज्याला जसं जमतं तसं त्यानं बसावं, आणि जमतंय म्हणून मनातल्या मनात देवाला एकदा हात जोडावेत. कारण आज जी गोष्ट सांगायची आहे ती खाली बसण्याचीच आहे. तिच्यात राजा नाही, लढाई नाही, शापही नाही. एक फरशी बसवणारा कारागीर आहे, त्याची थोरली बहीण आहे, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर अडकून राहिलेला त्याचा जीव आहे. ऐकता ऐकता तुमच्या पायाखालची जमीन तुम्हाला जरा वेगळी लागली, तर माझं सांगणं पोचलं म्हणायचं.

तर हा कारागीर एका दुपारी दुकानातून परत निघाला होता. काखेत नमुन्याची एक फरशी, कागदात गुंडाळलेली. रंग राखाडी, आणि हात फिरवला तर किंचित खरखरीत लागणारी, कारण ती स्वयंपाकघरात जायची होती आणि स्वयंपाकघरात पाणी सांडतं. रस्ता ओलांडायला तो फुटपाथवरून खाली उतरला. उंची ती काय, धड पायरीएवढीही नाही. पाय टेकला आणि आवाज आला. टक. हा आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा. फरशीवर कटरनं रेघ ओढायची, रेघेखाली पातळ काठी सरकवायची, दोन्ही बाजूंना तळवे दाबायचे, की अगदी असाच आवाज येतो, छोटा, कोरडा, काम झाल्याचा. त्याला वाटलं, फरशी गेली. तो तिथेच रस्त्याच्या कडेला थांबला, कागद सोडला, फरशी चारी बाजूंनी फिरवून पाहिली, बोटाच्या पेरानं मधोमध वाजवली, चारी कोपऱ्यांवर वाजवली. फरशी अखंड होती. मागून एक सायकलवाला म्हणाला, ‘काका, दुकान इथंच मांडलंत का?’ तो बाजूला व्हायला गेला, आणि तेव्हा डाव्या पायाच्या चवड्यातून एक गरम सुई वर चढली. मग त्याला उमगलं की आवाज काखेतून आला नव्हता. आवाज बुटाच्या आतून आला होता.

खाली बसावंसं वाटलं त्याला, तिथल्या तिथे. आयुष्यभर असंच तर केलं होतं. काही बिघडलं, हिशेब चुकला, कोणी टाकून बोललं, की तो खाली बसायचा, उकिडवा, हात जमिनीवर टेकून, आणि डोकं ताळ्यावर यायचं. उभा माणूस त्याला नेहमीच थोडा बावरलेला वाटत आला. घरं त्यानं कधी भिंतींनी ओळखली नाहीत, जमिनीनं ओळखली. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी तो उघड्या अंगानं गार फरशीवर पालथा पडायचा आणि कान जमिनीला लावायचा. पलीकडच्या खोलीत थोरली बहीण चालायची ते त्याला ऐकू यायचं, कानात नाही, गालाच्या हाडात. आई चालली की एक आवाज, बाबा चालले की दुसरा, ताई चालली की तिसरा, मध्येच एक पाऊल हलकं पडणारा, कारण ताई चालता चालता उगाच उडी मारायची. मग तो पालथ्या पालथ्याच फरशीवर बोटानं वाजवायचा आणि पलीकडून ताई टाचेनं उत्तर द्यायची. ‘काय रे टिचक्या, मेलास का तिथं?’ ती ओरडायची. टिचक्या हे नाव तिनंच ठेवलेलं, दिसेल ती वस्तू वाजवून बघायच्या त्याच्या खोडीवरून. पुढे तीच खोड पोटापाण्याला लागली. फरशी बसवून झाली की कारागीर ती वाजवून बघतो. खाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो. कुठे पोकळी राहिली असेल तर फरशी वरून कितीही देखणी असो, आवाज खुळा येतो, आणि मग एखाद्या दिवशी तिथे कोणी पातेलं ठेवतं आणि कोपरा जातो. तेव्हा सगळे पातेल्याला नावं ठेवतात.

घरापर्यंत तो कसाबसा गेला. बायकोनं बूट काढला आणि पाय बघून तोंड वाकडं केलं. ‘मुरगळलाय,’ तो म्हणाला. ‘मुरगळलेला पाय असा निळा होतो का?’ ती म्हणाली. ‘आणि हे काय, आधी ती फरशी जपून ठेवताय? द्या इकडे. तिला काही होत नाही.’ फरशीला काही झालं नव्हतं हे खरं. ती फरशी ताईसाठी होती, म्हणून तर तिला काही व्हायला नको होतं.

ताईचं असं आहे, मंडळी, की या माणसाच्या पोटात तिचा एक तुकडा राहतो. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा आधी कोणाला कळलंच नाही. पायाला सूज यायची तर त्याला वाटायचं, दिवसभर गुडघ्यांवर असतो म्हणून. मग ते डायलिसिसचं यंत्र आलं. उंच खुर्चीत तासन्‌तास पडून राहायचं, रक्त बाहेर जायचं, धुऊन आत यायचं. त्या खुर्चीतून त्याला दवाखान्याची जमीन दिसायची, आणि तिचे सांधे वाकडे भरलेत हे दिसायचं, आणि खाली उतरून ते नीट करावेत अशी इतकी तीव्र इच्छा व्हायची की डोळ्यांत पाणी यायचं. वर्षं गेली तशी. एक दिवस ताई दुसऱ्या गावाहून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, ‘माझी एक घे. मला दोन घेऊन काय करायचंय? एकीलाच कामाला लावते.’ तो नको म्हणाला. ती म्हणाली, ‘तुला विचारलं नाही, सांगितलं.’ तपासण्या झाल्या, जुळलं, आणि एका सकाळी दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. शुद्धीवर आल्यावर त्याचा हात पलंगाच्या दांडीला लागला तर त्यानं बोटानं वाजवलं. मधली भिंत जाड होती. पलीकडे काही पोचलं नसणार.

तेव्हापासून त्या किडनीला घरात सगळे पाहुणी म्हणतात. ताईचा फोन आला की पहिला प्रश्न, ‘पाहुणी काय म्हणते?’ आणि याचं उत्तर, ‘मजेत.’ ‘त्रास देत नाही ना? माझ्यासारखी हट्टी असेल हो ती.’ ‘छे, अगदी गुणाची.’ परतफेडीचा विषय त्यानं एकदाच काढला होता, तेव्हा ताई रागावली होती. मग स्वतःच म्हणाली, ‘बरं, एक कर. माझ्या स्वयंपाकघराची फरशी पोकळ वाजते, ओट्यापुढची. ती काढून नवी घालून दे. तुझ्या हातची. घाई नाही.’ हातची, असं म्हणाली ती. तो शब्द त्यानं उराशी धरला. कितीदा त्यानं ते स्वयंपाकघर मनात मोजलं, दोरी ताणली, गुण्या लावून काटकोन पाहिला, खिडकीखालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि मागं सरत सरत दारापर्यंत आला. कारण फरशीवाल्याची वाट उलटी असते. तो तोंडानं कामाकडे आणि पाठीनं दाराकडे जातो, बसवलेल्यावर पाय देत नाही, आणि शेवटची फरशी बसवतो तेव्हा तो खोलीबाहेर असतो. तिच्यावर पहिलं पाऊल दुसऱ्याचं पडतं. त्याच्या मनातल्या स्वयंपाकघरात ते ताईचं पडायचं, मध्येच एक हलकं.

पण तो तिकडे गेला नाही. आधी ताकद भरू दे म्हणाला, मग हवा बदलू दे म्हणाला. खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. पाहुणी आली आणि त्याचा चेहरा गोल झाला, भूक परत आली, लघवी परत आली, तो कामावर परत आला, आणि एक दिवस गुडघ्यांवर बसला असताना जांघेत खोल कुठेतरी दुखलं. ठणका नव्हता तो. आत कोणीतरी हळू दार लावून घेतल्यासारखं काहीतरी. मग ते रोज होऊ लागलं. उठताना बादलीचा आधार, भिंतीचा आधार. उकिडवं बसणं गेलं, मग गुडघ्यांवर बसणं गेलं, मग तो एक लाकडी पेटी घेऊन जायचा आणि तिच्यावर बसून वाकून काम करायचा, आणि लोकांना सांगायचा की ही नवी पद्धत आहे. दवाखान्यात डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, ‘आणखी काही त्रास?’ आणि तो म्हणायचा, ‘मजेत.’ खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हे खोटं आहे असंही त्याला वाटत नव्हतं. त्याला वाटायचं, ताईनं पोट फाडून घेतलं, आणि मी काय, पाय दुखतो म्हणून रडू? तिला वाटेल पाहुणी धड निघाली नाही. घरी पाहुणं असताना माणूस कसं वागतं? छत गळत असलं तरी त्या बाजूला भांडं ठेवून, हसून, ‘बसा ना’ म्हणतं. तो तसाच हसत होता, आणि आपल्याच हाडांमध्ये भांडी ठेवत होता.

आता त्या निळ्या पायाचा दवाखान्यात फोटो काढल्यावर डॉक्टरबाईंनी त्याला खोलीत चालून दाखवायला सांगितलं. दुखरा पाय सोडून, त्या म्हणाल्या, दुसऱ्या बाजूनं का वाकडं चालताय? ‘असा काही वाकडा नाही,’ तो म्हणाला. बायको म्हणाली, ‘अहो, सांगा ना खरं. खुर्चीला हात लावल्याशिवाय उठवत नाही यांना. मला विचारलं तर म्हणतात वय झालं. मी काय यांच्याहून लहान आहे फार?’ मग खुब्याचीही तपासणी झाली, हाडं किती दाट आहेत तीही झाली. डॉक्टरबाईंनी चित्र प्रकाशापुढे धरलं. त्यांनी सांगितलं ते असं, की हे आजचं नाही. किडन्या बिघडल्या तेव्हाच रक्तातल्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, तोल गेला आणि शरीर तो हाडांतून ओढून घेत राहिलं. मग नवी किडनी आली. तिला शरीरानं परकी म्हणून हाकलू नये यासाठी ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांतली एक हाडांना सोसत नाही. नवं हाड नीट बनत नाही, आणि काहींच्या खुब्यातल्या गोल हाडाचं रक्तच कमी होतं, मग ते आतून मरत जातं. ‘पायाचं हाड जुळेल. खुब्याला काठी, औषध, आणि पुढे कदाचित ऑपरेशन. खाली बसणं, गुडघ्यांवर बसणं, पोती उचलणं, हे सगळं बंद.’ त्यानं विचारलं, ‘आणि किडनी?’ ‘किडनी उत्तम आहे,’ त्या म्हणाल्या. आणि मग चित्र खाली ठेवून, ‘दर वेळी विचारत होते मी. मजेत हे काय उत्तर झालं? आधी कळलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं. लपवून कोणाचं भलं केलंत?’ जाताना पुन्हा बोलावून त्यांनी बजावलं, ‘आणि ती गोळी मनानं बंद करायची नाही. कमी करायची का, किती, ते आम्ही रक्त बघून ठरवू. एवढं ऐका माझं.’

त्यांनी हे का बजावलं, ते त्यांनाच ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी तळहातावर घेऊन तो खिडकीपाशी बराच वेळ बसून राहिला. पांढरी, एवढीशी. पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीत उंच. खाली जमिनीवर उन्हाचा तुकडा पडला होता, सरकत सरकत सांध्यावरून पुढच्या फरशीवर जात होता, आणि त्याला वाटलं, एकदा, फक्त एकदा तिथे पालथं पडावं, गाल टेकावा, कान लावावा. इतकी साधी गोष्ट, रांगतं मूल करतं ती. ही एवढीशी गोळी त्याच्या घराचे खांब खाते आहे. नाही घेतली तर? खांब कदाचित सावरतील. गुडघे टेकतील. ताईचं स्वयंपाकघर होईल, त्याच्या हातचं. आणि पाहुणी? पाहुणी रुसून निघून जाईल, ताईचा तुकडा आतल्या आत काळा पडेल, आणि मग तो ताईच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून काय लावणार होता, आणि कोणासाठी? त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या खाली ती ओढ तशीच होती, जराही कमी न झालेली. हात खाली सोडला तर बोटं जमिनीच्या हातभर वर थांबली. त्यानं गोळी घेतली. पाणी प्यायला. देवाला म्हणाला, तुझं तू बघ आता.

फोन वाजला तेव्हा तो तसाच बसला होता. ‘पाहुणी काय म्हणते?’ ताई म्हणाली. ‘मजेत.’ ‘आणि घर?’ तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. ‘अरे, तुला विचारते. पाहुणीचं कळलं. घर कसंय?’ ‘घराला काय झालंय?’ ‘तेच तर. तुझा आवाज हल्ली वरून येतो, टिचक्या. आधी फोनवर असायचास तेव्हा पोट दुमडल्यासारखा यायचा, खाली बसून बोलायचास तू. वर्ष झालं असेल, तू खुर्चीत बसून बोलतोस. साहेब झालास की काय?’ त्यानं हसायचा प्रयत्न केला आणि हसण्याच्या जागी भलतंच काहीतरी बाहेर पडलं. मग त्यानं सांगितलं. पायाचं, खुब्याचं, जांघेतल्या दाराचं, लाकडी पेटीचं. गोळी हातात घेऊन बसल्याचंही सांगितलं. ‘माझी पाहुणी मी कशाला पाठवली होती?’ ताई म्हणाली. ‘तुझं घर उभं राहावं म्हणून ना? आणि तू तिच्या सरबराईत घराचं सरपण करत बसलास. मूर्खा.’ आणि लगेच पुढे म्हणाली, ‘मला काय वाटेल म्हणून गप्प बसलास? मला आत्ता वाटतंय ते जास्त वाईट आहे.’ तो म्हणाला, ‘ताई, फरशी राहिली तुझी.’ ‘राहू दे.’ ‘माझ्या हातची म्हणाली होतीस.’ ताई म्हणाली, ‘पायाचं प्लास्टर निघालं की ये. हात काय नुसते थापी धरायलाच असतात का? ये तू.’

प्लास्टर निघालं, हातात काठी आली, नवी औषधं सुरू झाली, आणि तो गेला. बरोबर त्याचा जुना जोडीदार, ज्याच्याशी आयुष्यभर सांध्यांच्या रुंदीवरून भांडण झालं तो. ताईनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडून ठेवली होती. जुनी फरशी निघाली, माल पसरला गेला, दोरी ताणली गेली, आणि जोडीदार खिडकीखालच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला. ‘अर्धा सूत सरकव डावीकडे,’ हा म्हणाला. ‘दिसतंय मला.’ ‘दिसत असतं तर घेतली असतीस. काढ ती, माल कमी आहे खाली.’ ‘खुर्चीत बसून हुकूम सोडायला काय लागतं रे?’ जोडीदार वैतागून म्हणाला. ‘मग तू खुर्चीत बस,’ हा म्हणाला. ‘मी बसतो खाली.’ जोडीदारानं ती फरशी उचलली, खाली माल भरला, रबरी हातोडीनं हळूच बसवली आणि मान वर न करता विचारलं, ‘आता?’ ‘आता बरोबर.’ फरशीमागून फरशी लागत गेली. जोडीदाराची पाठ मागं सरत सरत खुर्चीकडे येत होती, आणि खुर्चीतल्या माणसाचे गुडघे प्रत्येक फरशीबरोबर, कोणाला न दिसेल इतके, दुमडायला बघत होते. ओल्या मालाचा वास येत होता. त्या वासानं त्याच्या तळहातांना खाज सुटली.

दुसऱ्या दिवशी जोडीदार बाहेर सामान आवरत होता. माल रात्रीत धरून घट्ट झाला होता. ताई अनवाणी आली आणि थेट नव्या जमिनीवर बसली, मांडी घालून, म्हातारपणी बसतात तशी थोडं कण्हत. ‘तपासून दे आता,’ ती म्हणाली. ‘वाकायचं नाही. मी वाजवते, तू ऐक.’ त्यानं डोळे मिटले. खिडकीखालून तिचं पेर वाजायला लागलं. भरीव. भरीव. ती बसल्या बसल्या पुढे सरकायची, साडी फरशीवरून घासत जायची, मध्येच थकून थांबायची. भरीव. त्याला गालाच्या हाडात ऐकू येत होतं, खुर्चीत बसूनही. ओट्यापाशी एक आवाज वेगळा आला. ताईनं पुन्हा वाजवलं. ‘ही बरी आहे ना?’ बरी आहे म्हणणं सोपं होतं. मजेत म्हणण्याइतकंच सोपं. जोडीदारानं दिवसभर गुडघे झिजवले होते, ताई खुश होती. ‘पोकळ आहे,’ तो म्हणाला. ‘काढावी लागेल.’ ‘राहू दे की. एवढी एक तर आहे.’ ‘नाही ताई. आज नाही कळणार. पण जाईल ती.’ बाहेरून जोडीदार म्हणाला, ‘ऐकलं मी. काढतो, काढतो.’

ताई सरकत सरकत खुर्चीपर्यंत आली. शेवटची फरशी वाजवली, भरीव. मग तिनं हात उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर बोटाचं पेर हळूच टेकवलं. वाजवल्यासारखं केलं, वाजवलं नाही. ‘आणि हे?’ त्यानं डोळे उघडले नाहीत. ‘हे पोकळ आहे.’ ‘कुठवर?’ त्यानं तिचा हात धरून मांडीवरून वर नेला, जांघेपाशी ठेवला. ‘इथवर.’ ‘दुखतं?’ ‘हो,’ तो म्हणाला. ‘फार दुखतं, ताई.’ तिनं हात तिथेच ठेवला, बराच वेळ. तिथून वीतभर अंतरावर पाहुणी होती, गुपचूप आपलं काम करत. त्यानं दुसरा हात खुर्चीवरून खाली सोडला. बोटं नेहमीच्या जागी थांबली, फरशीच्या हातभर वर. ताईनं ते पाहिलं. तिनं आपला तळवा नव्या जमिनीवर सपाट टेकवला आणि तसाच दाबून ठेवला, तो पुरता गार होईपर्यंत, आणि मग त्या गार हातानं त्याची लोंबती बोटं धरली. ‘गार आहे?’ तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. गार होती. अगदी त्याला आठवत होती तशी.

झाली गोष्ट. आता उठाल तेव्हा सावकाश उठा, आणि घरी जाल तेव्हा चपला दाराशी काढून अनवाणी आत जा. पायांना गार लागेल. त्या गारव्यात घडीभर थांबा, आणि कुठेतरी एका उंच खुर्चीत बसलेल्या त्या टिचक्याला आठवा, तो आजही तिथे हात खाली सोडून बसला असेल.